सोयीसाठी सुचवलेले प्रश्न

९ फेब्रुवारी

चि. ढब्या,

उपसंचालक झालास, कानशिलं पांढरी झाली, तरी पाकीट फोडल्यावर पहिलं नाव हेच दिसणार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण सध्या आमच्या शाखेत कोण कुणाशी फोनवर बोलतं याकडे सगळ्यांचे कान लागलेत. शिवाय तू वसतिगृहात होतास तेव्हापासून आपलं खरं बोलणं कागदावरच झालंय.

झालं असं. मंगळवारी तुमच्या वाणिज्य आणि उद्योग विभागाची आमच्या संसदीय समितीपुढे साक्ष होती. वर्षभरात विभागाने काय दिवे लावले ते सदस्यांनी विचारायचं आणि विभागाने सांगायचं. माझं काम तुला माहीत आहे. सदस्यांकडून आलेले प्रश्न एकत्र करायचे, अध्यक्षांना दाखवायचे आणि बैठकीच्या सकाळपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवायचे. प्रश्न आधीच विभागाच्या हाती लागले तर ती तपासणी कसली?

तुमचे सचिव आले, मागे अधिकाऱ्यांची रांग. अध्यक्षांनी पहिला प्रश्न वाचायला घेतला. वाक्य अर्ध्यावर होतं, तोवर सचिवांनी फाइलीतलं नेमकं पान उघडलेलं. दुसऱ्या प्रश्नाला तेच, तिसऱ्याला तेच. मध्येच अध्यक्ष चष्मा पुसायला थांबले, तर सचिव म्हणाले, "पुढचा निर्यातीबद्दल असेल." असेल! आणि होताही निर्यातीबद्दलच. सगळे हसले. एक जण हसल्या नाहीत. आमच्या नव्या सदस्यबाई. राजकारणात येण्याआधी रुग्णालयात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. बाहेर पडताना त्यांनी मला मोठ्याने विचारलं, "काय हो, या लोकांना पेपर आधी मिळतो का?"

हे आमच्या शाखेच्या मोठ्या बाईंनी ऐकलं. संध्याकाळी मला आत बोलावून म्हणाल्या, "कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना? आणि तुमचे भाऊ त्याच विभागात आहेत, नाही का?" दोन वाक्यं, आणि दोन्ही खरी.

जानेवारीत तू आमच्याकडे राहून गेलास. तू बाहेरच्या खोलीत झोपलास आणि माझी पिशवी तिथेच खुर्चीवर होती. त्या संध्याकाळी मी प्रश्न घरी आणले होते. नियमात बसत नाही, पण आणले होते.

तू पिशवी उघडलीस का? राग आला तर येऊ दे, पण उत्तर दे.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

सा. न. वि. वि. लिहिणार होतो, पण चोराने एवढं सभ्य असू नये.

नाही उघडली. तुझ्या पिशवीत काय असतं ते मला माहीत आहे. खोकल्याच्या गोळ्या, तुटका कंगवा आणि भावोजींनी आणायला सांगितलेल्या आणि तू विसरलेल्या वस्तूंची चिठ्ठी. त्यासाठी मी झोपमोड करणार?

लहानपणापासून तुला वाचवत आलो आणि आता तू माझ्यावर डोळे वटारतेस. आठवतं ना? संध्याकाळी बाबा आपल्या दोघांना समोर बसवून प्रश्न विचारायचे. तुझं काही झालेलं नसायचं. मग मी हळूच बाबांच्या कानाला लागायचो, "बाबा, तिला नद्या विचारा, नद्यांमध्ये ती कच्ची आहे." नद्या तेवढ्या तुला पाठ असायच्या. तू घडाघडा म्हणायचीस आणि बाबा खूश. दोघंही खूश आणि मी मधल्या मध्ये दोघांचा लाडका. तुला तर कित्येक वर्षं वाटत होतं की तुझं नशीबच थोर.

असो. तू घाबरू नकोस. तुमच्या कपाटातून काहीही बाहेर गेलेलं नाही, याची खात्री मी देतो. सचिव हुशार आहेत, तयारी करून येतात, एवढंच. हुशारीवर संशय घ्यायचा म्हटलं तर निम्मी कार्यालयं बंद करावी लागतील.

माझं बरं चाललंय. हल्ली मुख्यालयातले मसुदे लिहायला माझ्याकडे पाठवतात. सचिवसाहेबांना माझी भाषा आवडते म्हणे. बढतीवर राजधानीत यायचं घाटतंय, पण अजून कुणाला बोलू नकोस. खालच्या मजल्यावरचे घरमालक सोबतीला असतात. बाटल्यांची बुचं करायचे ते, तुला सांगितलं होतं. आता दिवसभर घरीच असतात. वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवतात आणि अडलं की खालून ओरडतात, "साहेब, चार अक्षरी, फसवणूक!" मी वरून ओरडतो, "लबाडी तीनच अक्षरी झाली हो!"

तब्येत सांभाळ. कुलूप बदलायला सांग, मोठ्या बाईंचं समाधान होईल.

ढब्या


२७ फेब्रुवारी

चि. ढब्या,

कुलूप बदललं. नवीन किल्ली मोठ्या बाईंनी स्वतःकडे ठेवली. दुसरी बैठक काल झाली. या खेपेला प्रश्न मी घरी आणले नाहीत, कपाटातून काढलेही नाहीत. आणि काय सांगू, परत तेच! अध्यक्षांनी तोंड उघडायचं आणि सचिवांनी पान. नवे उद्योग किती सुरू झाले? उद्दिष्टाच्या पुढे. लहान कारखान्यांना मदत किती पोचली? उद्दिष्टाच्या पुढे. सगळा विभागच उद्दिष्टाच्या इतका पुढे गेलाय की आता त्याला हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

मग मी एक गंमत केली. गंमत कसली, सापळाच. सकाळी जिन्यात सिस्टर भेटल्या. मी दर बैठकीआधी सदस्यांसाठी टिपण तयार करते. ते कुणी वाचत नाही, चहाचे कप ठेवायला बरं पडतं. त्यात मुद्दाम न लिहिलेली एकच गोष्ट मी त्यांना तोंडी सांगितली, कागदावर काही नाही. त्यांनी बैठकीत हात वर केला आणि आपल्या पद्धतीने विचारलं, "साहेब, दाखल किती झाले ते सांगितलंत. आता जिवंत किती ते सांगा."

सचिवांना कळेना. सिस्टर म्हणाल्या, "सुरू झालेल्या कारखान्यांपैकी आज सुरू असलेले किती?"

पहिल्यांदाच फाइल बंद झाली. "लेखी उत्तर देऊ," म्हणाले.

म्हणजे जो प्रश्न कागदावर नव्हता, तोच तेवढा त्यांना माहीत नव्हता. मला वाटलं, बरं झालं, आता मोठ्या बाईंना पटेल की कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते माझ्या कपाटात नाही. पटलं भलतंच. म्हणाल्या, "बघा, तुम्ही कागदावर उतरवता ते जातं. तुम्ही उतरवत नाही ते जात नाही." माझाच सापळा, माझाच पाय! माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. समितीचं काम काढून घेतलं आणि खाली ग्रंथालयात जुने अहवाल लावायला बसवलंय. खुलासा पटला नाही तर घरी. तुझे भावोजी म्हणतात, काळजी करू नकोस, आणि रोज मलाच विचारतात, पुढे काय झालं.

तर ग्रंथालयात बसल्या बसल्या तुमच्या विभागाचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा पानन् पान वाचला. त्यात यशोगाथा नावाचं एक प्रकरण आहे. एक गृहस्थ यंत्राशेजारी उभे आहेत, जाड मिश्या, हातात ओंजळभर बुचं. खाली तुझ्याच गावाचं नाव. विभागाच्या मदतीने उभा राहिलेला उद्योग, असं लिहिलंय.

हे शब्दकोडी सोडवणारेच ना?

आणि दुसरं. तुझं एक वाक्य मला झोपू देत नाही. "खात्री मी देतो," असं लिहिलंस. मला स्वतःला माझ्या कपाटाची खात्री देता येत नाही. तू तिकडे, इतक्या लांब बसून कशी देतोस?

ताई


८ मार्च

ताई,

पत्र मिळालं. कामातून काढलं हे वाचून वाईट वाटलं. होईल नीट.

घरमालक तेच. फोटो काढला तेव्हा यंत्र चालू होतं, बुचंही खरी होती. नंतर मागणी बसली. यंत्रावर चादर टाकली, तिच्यावर आता त्यांची मांजर झोपते. अहवाल लिहायला, तपासायला, छापायला वेळ लागतो, मधल्या काळात जग थांबत नाही. आमच्या तक्त्यात "सुरू झाले" असा रकाना आहे. "बंद पडले" असा नाही, कारण तो कुणी मागितलेला नाही. रकाना नसेल तर भरणार कुठे? यात खोटं काय आहे, तूच सांग.

तू आता फार खोदू नकोस. सिस्टरबाई आज आहेत, उद्या दुसऱ्या समितीवर जातील. सचिव राहतील. तू राहशील. मी राहीन. आणि एक विचारतो, मनाला लावून घेऊ नकोस. हे जे प्रश्नांवर प्रश्न येतायत पत्रातून, ते माझी बहीण विचारतेय की समिती? माझी पत्रं तू कुणाला दाखवत नाहीस ना? मी लिहिताना हल्ली दोनदा विचार करतो. हे वाक्यही दोनदा लिहिलं.

वीस तारखेच्या बैठकीला सचिवांनी मलाही बोलावलंय. मागच्या रांगेत बसायचं, लागेल तो कागद पुढे द्यायचा. इमारतीत कुठे समोर आलीस तर ओळख दाखवू नये, दोघांच्याही भल्यासाठी. एप्रिलमध्ये बदली झाली की जवळ येईन, तेव्हा समोरासमोर बोलू.

ढब्या


२० मार्च, सकाळी

चि. ढब्या,

माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. मांजराबद्दल मात्र सविस्तर लिहिलंस.

आता मीच सांगते. परवा सिस्टर ग्रंथालयात आल्या. माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यामुळे इथे बसवलं, म्हणून आले. एक विचारू? हे तुमच्याकडे नेहमीचंच असतं का?" आणि पर्समधून घडी केलेला कागद काढला. वर लिहिलेलं, 'सन्माननीय सदस्यांच्या सोयीसाठी सुचवलेले प्रश्न'.

विभागाचा एक अधिकारी त्यांच्या घरी देऊन गेला होता. अगदी अदबीने. "बाई, आपण नवीन आहात, आकडे किचकट असतात, आम्ही थोडी मदत करतो. बाकीचे सदस्यही घेतात." बाई त्याला म्हणाल्या, "अहो, पेशंटनेच मला सांगायचं का नाडी कुठे बघायची ते?" आणि कागद ठेवून घेतला.

बाकीचे घेतात. घेतात आणि आपल्या सहीने माझ्याकडे पाठवतात, आणि मी वेडी ते कपाटात कुलूप लावून जपते! ज्यांनी लिहिले त्यांच्यापासूनच लपवून! ढब्या, पेपर फुटलाच नव्हता. पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच होता.

मी तो कागद वाचला. पहिला प्रश्न कडक. विभागाने इतका विलंब का केला, अशा आवाजात. विचारणाऱ्याला वाटावं, काय धारेवर धरलं! आणि त्याचं उत्तर एका ओळीत सुटणारं. पुढचे हळूहळू मऊ होत गेलेले. जिथे विभाग पक्का, तिथे "या बाबतीत विभाग कच्चा असल्याचे दिसते, खुलासा करावा" असं लिहिलेलं.

तिला नद्या विचारा, नद्यांमध्ये ती कच्ची आहे.

अक्षर छापलेलं होतं. मला अक्षराची गरज नव्हती. एवढ्या मायेने कुणाला पास करायची कला या जगात एकाच माणसाला येते. म्हणून तू खात्री देऊ शकलास. तुला माहीत होतं की माझ्याकडून काही गेलेलं नाही, कारण जे जायचं ते तुझ्याकडूनच आलं होतं. आणि हे माहीत असून तू मला "कुलूप बदलायला सांग" म्हणून लिहिलंस.

लहानपणी तू मला वाचवलंस असं म्हणतोस. मला आजही नद्यांपलीकडचं काही येत नाही, हे तुझ्या ध्यानात आलंय का कधी? तुझे घरमालकही तसेच पास झाले. फोटो आला, गुण मिळाले, आणि यंत्रावर चादर पडली तेव्हा विचारायला कुणी गेलं नाही, कारण तो प्रश्न तू काढला नव्हतास.

मी तुझं नाव कुणालाही सांगितलेलं नाही. मोठ्या बाईंनाही नाही, सिस्टरांनाही नाही. घरी भावोजींनी विचारलं, "कळलं का कोण ते?" मी म्हटलं, नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. माझा खुलासा अजून कोराच आहे. खरं लिहिलं तर तू जातोस, नाही लिहिलं तर मी.

आज सिस्टर एक प्रश्न विचारणार आहेत. हे प्रश्न कुणी लिहिले, एवढाच. तो मला गेले दोन दिवस माहीत आहे. तुला कळवायची इच्छा किती वेळा झाली ते सांगत नाही. काल तर तू उतरणार त्या विश्रामगृहावर पोचवायला पत्र लिहून पाकीटही चिकटवलं होतं. मग वाटलं, हे पोचवलं तर मोठ्या बाई माझ्याबद्दल जे म्हणतात ते आजपासून खरं होईल.

म्हणून ते फाडलं आणि हे लिहिलं. आत्ता कार्यालयात जाताना पेटीत टाकेन. तुला मिळेल तेव्हा बैठक होऊन गेलेली असेल. मी खाली ग्रंथालयात असेन, तू वर मागच्या रांगेत. ओळख दाखवायचा प्रश्नच येणार नाही.

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. पाकीट फोडायच्या आधी शिक्क्यावरची तारीख पाहिली. खरंच वीसला टाकलंस की नंतर टाकून वीस लिहिलंस, ते बघत होतो. आपण दोघं कुठे येऊन पोचलो बघ.

तू खाली होतीस, म्हणून वरचं सांगतो. बाकी कुणी सांगेल ते मीठमसाला लावून सांगेल.

मी सचिवांच्या मागेच बसलो होतो. त्यांची मान आणि फाइल, सुरुवातीला एवढंच मला दिसत होतं. सुरुवात नेहमीसारखी झाली. पहिला कडक प्रश्न, अध्यक्षांचा आवाज चढला, सचिव एका ओळीत सुटले. मला ऐकताना ओठ हलवायची सवय आहे, ते मी दाबून धरले होते. दुसरा, तिसरा. मग सिस्टरबाईंनी हात वर केला. त्यांच्या हातात कागद होता. त्यांनी तो आधी सगळ्यांना दिसेल असा धरला, आपण बाळाला पाहुण्यांसमोर धरतो तसा, आणि म्हणाल्या, "आत्तापर्यंत विचारलेले सगळे यात आहेत, त्याच क्रमाने. हे कुणी लिहिले, साहेब?"

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. सचिवांनी मागे हात केला, कागदासाठी. माझ्याकडे द्यायला कागद नव्हता. त्यांचा हात रिकामा परत गेला.

मग त्यांनी स्वतःच जमवलं. म्हणाले, "सोयीसाठीची ही पद्धत आहे. माझ्या माहितीप्रमाणे समितीच्या शाखेतूनच तशी मागणी आली होती. त्यांच्याकडे एक बाई आहेत, सध्या त्यांची चौकशी सुरू आहे, असं कळतं." आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हो ना?"

मला फक्त मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं. त्या माणसाला माहीतच नव्हतं की ती बाई माझी कोण.

त्याआधी मी तुला काहीच केलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. प्रश्न लिहिले, विभागाचं भलं केलं, तुझ्यावर बालंट आलं ते तुझ्या मोठ्या बाईंमुळे. कागदावर ते बसतही होतं. पण आता माझ्याच मानेवर आलं.

उभा राहिलो. उठताना आधी ठरवलं होतं असं म्हणणार नाही, गुडघे आधी उठले. म्हणालो, "प्रश्न मी लिहिले. उत्तरंही मीच लिहिली. समितीच्या शाखेतून कुणी काही मागितलं नव्हतं."

सचिव हळूच म्हणाले, "खाली बसा." सिस्टरबाई म्हणाल्या, "उभेच राहा. मागच्या वेळचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. आज सुरू असलेले किती?"

ताई, मी या विभागात इतकी वर्षं काढली, कुठलाही आकडा मला झोपेत विचार. मी म्हणालो, "माझ्या घरमालकांचा बंद आहे. बाकीचे आम्ही मोजलेले नाहीत." कुणीतरी हसलं. अध्यक्ष नाही हसले. त्यांनी हातातला प्रश्नांचा कागद पालथा घातला आणि म्हणाले, "मोजून या. मग बोलू." बैठक तिथेच संपली.

बाहेर पडताना एका करारी बाईंनी अडवलं. "तुम्हीच का ते भाऊ?" म्हटलं, हो. तुझ्या मोठ्या बाईच असणार त्या. मग म्हणाल्या, "त्यांना उद्या वर यायला सांगा." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, आमचं सध्या बोलणं नाही.

राजधानीची बढती गेली. माझा खुलासा मागितलाय. तो मी लिहीन, पण यावेळी मसुदा कुणी तपासणार नाही. दरम्यान कारखाने मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय, शिक्षा म्हणून. घरमालकांना सांगितलं, तुमच्यापासून सुरुवात करतो. ते म्हणाले, "साहेब, चादर काढू की राहू दे?" मी म्हटलं, राहू दे, मांजर उठेल.

पत्र उशिरा टाकलंस याचा आधी फार राग आला. रात्रभर होता. सकाळी गेला. आधी मिळालं असतं तर मी उत्तर तयार करून आलो असतो.

आणि ते फार सुरेख उतरलं असतं, ताई.

ढब्या